स्केच पूर्ण बांधायचं कशासाठी? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

कॉम्प्युटरवर यंत्राच्या भागाचं सॉलिड मॉडेल, म्हणजे भरीव त्रिमितीय आकार, करण्यासाठी आधी त्याचं स्केच, म्हणजे सपाट रेघांची आकृती, कसं काढावं, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. नावाच्या जागी तुम्ही 'वाळूजचा जुना ड्राफ्ट्समन' एवढंच लिहिलंय. अठ्ठावीस वर्षं या कामात घालवलेल्या माणसानं वेळ काढून लिहिलंय, तर उत्तरही सवडीनं द्यावं म्हणून दोन दिवस थांबलो.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी मांडतो. (सॉलिडवर्क्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये सरकायला मोकळी असलेली रेघ निळी दिसते; मापांनी आणि आडवी, समांतर, सारखी अशा नात्यांनी पूर्ण बांधली की काळी होते. 'फिक्स' म्हणजे रेघ आहे तिथंच कुलूपबंद करणं, 'फिलेट' म्हणजे कोपऱ्याची गोलाई, 'रिव्हॉल्व्ह' म्हणजे आकृती अक्षाभोवती फिरवून गोल भाग करणं.) तुम्ही लिहिता: "स्केच पूर्ण बांधा, पूर्ण बांधा, हे एकच पालुपद लावलंय. कंपनीत एवढा वेळ कोणाला आहे? माप बरोबर आलं, जॉब पास झाला, विषय संपला. निळ्या रेघा फारच खुपत असतील तर सगळं सिलेक्ट करून फिक्स मारा, काळ्या होतात. फिलेट स्केचमध्ये दिलं तर बिघडतं काय? हे सगळं सॉलिडवर्क्सवाल्यांनी आणलेलं फॅड आहे. आणि खेड्यातून आलेल्या लेकरांना पहिल्याच दिवशी टँजंट, कॉन्सेंट्रिक, कोलिनिअर असले शब्द ऐकवायलात, ते पळून जातील. आधी थ्रीडी करू द्या, स्केच आपोआप येतं." आणि शेवटी एक प्रश्न: "रिव्हॉल्व्हच्या स्केचमध्ये त्रिज्येऐवजी थेट व्यास कसा द्यायचा ते लिहा, आमची पोरं रोज अर्धा आकडा टाकताना चुकायलीत."

'माप बरोबर आलं की विषय संपला', इथून सुरुवात करतो, कारण मीही सहा-सात वर्षं हेच मानत होतो. ते सोडायला लावलं एका पेरणी यंत्राच्या पट्टीनं.

सोयाबीनसाठी पाच फणांचं यंत्र होतं. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर. २००० मिलिमीटर लांबीच्या पट्टीवर फणांच्या क्लॅम्पची पाच भोकं. मी सगळी मापं डाव्या कडेपासून दिली: १००, ५५०, १०००, १४५०, १९००. पाचही बरोबर. पट्ट्या कापल्या, यंत्र शेतात चाललं. रब्बीच्या तोंडावर त्याच वर्कशॉपमधून निरोप आला की हरभऱ्यासाठी ३० सेंटिमीटरची पट्टी हवी. मी फाइल उघडली आणि एकेक आकडा बदलत गेलो. १०० चे ४००, ५५० चे ७००, मधलं १००० तसंच, शेवटचं १६००. १४५० चे १३०० करायचे राहून गेले. पडद्यावर पाच भोकं दिसत होती, कुठं लाल रेघ नाही, कुठली सूचना नाही. लेझरवर सहा पट्ट्या कापून आल्या आणि फण बसवताना कळलं की एका जागी ४५० अंतर आहे आणि त्याच्या शेजारी १५०. सहाही पट्ट्या भंगारात गेल्या. जमिनीतली ओल काही पुढच्या पट्ट्यांची वाट पाहत बसत नाही. ज्यांना यंत्र वेळेवर मिळालं नाही, त्यांची पेरणी माझ्यामुळं लांबली आणि ते मला आजही लागतं.

दादा, त्या स्केचमध्ये पहिल्या दिवशी एकही माप चुकीचं नव्हतं. पण पाचही भोकं सारख्या अंतरावर हवीत आणि मधलं भोक पट्टीच्या मध्यावर हवं, हे फक्त माझ्या डोक्यात होतं. स्केचला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याला पाच सुटे आकडे माहीत होते. त्यातले तीन बदलले, एक राहिला, तर त्यानं तरी तक्रार का करावी?

जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावात लहानपणी मी सुताराला तिफण करताना बघितलंय. दिंडाला, म्हणजे फण बसतात त्या आडव्या लाकडाला, भोकं पाडायची तर तो एका टोकापासून मोजत जायचा नाही. सुतळी दिंडाच्या लांबीएवढी घ्यायची, दुमडून मध्य काढायचा, मधला फण तिथं. मग फणाच्या अंतराएवढी सुतळी घेऊन त्याच एका सुतळीनं डावीकडं आणि उजवीकडं खूण. आधी मध्य, मग दोन्ही अंगाला सारखेपण, आणि माप फक्त एक. दुसरं अंतर हवं असलं की सुतळी बदलायची, पद्धत तीच. आज मी ती पट्टी अशीच काढतो. मधलं भोक ओरिजिनवर, म्हणजे स्केचच्या शून्य बिंदूवर. पाच भोकांच्या केंद्रांमध्ये चार कन्स्ट्रक्शन लाइन, म्हणजे नुसत्या आधाराच्या रेघा, चारही आडव्या आणि 'इक्वल' (सारख्या). पट्टीची दोन टोकं मध्याशी सममित. मग ४५० हा आकडा स्केचमध्ये एकदाच येतो. त्याचे ३०० केले की पाचही भोकं जागेवर जातात, एखादं मागं राहायची सोयच उरत नाही.

'पूर्ण बांधणं' म्हणजे मला हे म्हणायचं आहे. लेखात मी ते नीट उलगडून सांगितलं नाही, नियमासारखं पुन्हा पुन्हा लिहीत गेलो. तिथं तुमची पालुपदाची तक्रार रास्त आहे. म्हणून इथं हिशेबच मांडतो. साधा आयत घ्या. चार रेघा, प्रत्येकीला दोन टोकं, प्रत्येक टोकाला आडवा आणि उभा असे दोन आकडे. म्हणजे १६ गोष्टी मोकळ्या. चार कोपऱ्यांत टोकाला टोक जोडलं की प्रत्येक कोपऱ्याला दोन गोष्टी बांधल्या जातात, ८ गेल्या. दोन रेघा आडव्या, दोन उभ्या, आणखी ४ गेल्या. उरल्या ४: लांबी, रुंदी, आणि आयत कुठं आहे त्याचे दोन आकडे. मध्य ओरिजिनवर बसवला की त्यातले दोन जातात. आता दोनच मापं द्यायची आणि स्केच काळं. दोन्ही टोकं गोल असलेल्या खाचेचा हिशेबही असाच जमतो. दोन रेघांच्या ८ आणि दोन चापांच्या ५-५ (केंद्राचे दोन आकडे, त्रिज्या आणि दोन टोकं) मिळून १८, त्यातून टोकं जोडल्याच्या ८ आणि चार स्पर्शांच्या ४ वजा केल्या की ६. दोन्ही त्रिज्या सारख्या केल्या की ५. खाचेची लांबी, रुंदी, जागेचे दोन आकडे आणि तिरपेपणा. बरोबर पाचच. लेकरांना हा हिशेब कागदावर करायला लावला की निळ्या रेघेची भीती जाते. ती रेघ निळी का आहे हे त्यांना बोट ठेवून सांगता येतं.

आता फिक्स. फिक्सनं रेघ काळी होते हे खरं, पण ती जिथं आहे तिथंच बांधली जाते, जिथं असायला हवी तिथं नाही. माउसनं काढलेली रेघ ९९.८७ वर असेल तर ९९.८७ लाच कुलूप लागतं. आडवी दिसणारी रेघ खरोखर आडवी नसेल, ०.३ अंशानं तिरपी असेल, तर तेही तसंच कुलूपबंद. दोन हजार मिलिमीटरच्या पट्टीत ०.३ अंश म्हणजे टोकाला सुमारे साडेदहा मिलिमीटरचा फरक. पडद्यावर तो डोळ्यांना दिसत नाही, वेल्डिंगच्या वेळी फिटरला दिसतो. शिवाय सॉलिडवर्क्समध्ये रेघेला फिक्स दिलं तरी तिची टोकं त्याच सरळ दिशेत पुढं-मागं सरकायला मोकळी राहतात. म्हणजे ज्या भरवशासाठी तुम्ही ते वापरता, तो भरवसाही पुरता मिळत नाही. दुसऱ्याकडून आलेल्या आकाराभोवती काही जुळवायचं असेल, तिथं मीही फिक्स वापरतो. स्वतःच्या डिझाइनमध्ये नाही.

फॅड म्हणालात, त्यावर थोडंच लिहितो. १९६३ मध्ये अमेरिकेत एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी स्केचपॅड हा प्रोग्रॅम केला. त्यात लाइट पेननं ओबडधोबड आकृती काढायची आणि मग या दोन रेघा समांतर, या दोन सारख्या, असं सांगायचं. आकृती त्याप्रमाणं सुधारून यायची. सॉलिडवर्क्सची पहिली आवृत्ती १९९५ ची. त्याच्या आधी प्रो-इंजिनिअर या दुसऱ्या सॉफ्टवेअरनं हीच पद्धत कारखान्यांत नेली होती. मोफत मिळणाऱ्या फ्रीकॅडमध्येही तेच आहे, फक्त पूर्ण बांधलेलं स्केच तिथं काळं न होता हिरवं होतं. ही कुण्या एका कंपनीची लहर असती तर मी तिच्यासाठी भांडलो नसतो.

फिलेटचा मुद्दा मात्र मला फार जवळचा आहे, कारण चिकलठाण्यात प्लास्टिकच्या साच्यांचं काम करताना त्यानं खूप रात्री घेतल्या. कोपऱ्याला स्केचमध्येच गोलाई दिली की मूळ कोपरा नाहीसा होतो आणि त्या कोपऱ्याला धरून दिलेली मापं गोलाईवर अवलंबून राहायला लागतात. त्यात ट्रिम वापरलं असेल तर कापलेल्या टोकाचं नातंही जातं. पुढं साच्यातून जॉब सुटावा म्हणून भिंतींना एखादा अंश ड्राफ्ट, म्हणजे किंचित तिरपेपणा, द्यावा लागतो. गोलाई आधीच स्केचमध्ये असेल तर ड्राफ्ट दिल्यावर ती तळापासून वरपर्यंत एकसारखी राहत नाही, निमुळती होते, आणि एकाच त्रिज्येच्या कटरनं ती निघत नाही. म्हणून आधी ठोकळा, मग ड्राफ्ट, मग सगळ्यात शेवटी गोलाई, वेगळं फीचर म्हणून. ते नंतर बंद करून ठेवता येतं, एकाच ठिकाणी बदलता येतं. अपवाद आहेत आणि ते मी लेखात लिहायला हवे होते. खाचेची टोकं, कॅमचा आकार, वाकवलेल्या पाइपचा मार्ग, अशा जागी गोलाई हेच डिझाइन असतं. ती स्केचमध्येच हवी.

वेळेचं तुम्ही म्हणता ते मी हसण्यावारी नेत नाही. संध्याकाळपर्यंत ड्रॉइंग मागणाऱ्या माणसासमोर बसलेलो आहे. पण वेळ खरा जातो तो नंतर बांधायला बसल्यावर. काढतानाच ओरिजिन धरला, आकार अंदाजे खऱ्या मापाचा काढला, आधी नाती दिली आणि मग मापं, त्यातही सगळ्यात मोठं माप पहिलं, तर स्केच उलटंपालटं होत नाही आणि वेगळा वेळ लागत नाही. साठ-सत्तर रेघांचं एकच स्केच करू नये, तीन लहान करावीत. आणि एकदाच लागणारा जिग (काम करताना भाग धरून ठेवणारं साधन) असेल, उद्या फेकूनच द्यायचा असेल, तर रेघा निळ्या राहिल्या तरी मी कुणाला बोलणार नाही.

एक गोष्ट तुमच्या पिढीच्या कामातून माझ्याकडं रोज येते, ती इथंच सांगतो. ऑटोकॅडचं जुनं ड्रॉइंग स्केचमध्ये आणलं की एक्स्ट्रूड होत नाही, म्हणजे खेचून भरीव करता येत नाही, कारण कुठं रेघेवर रेघ असते, कुठं दोन टोकांत ०.०१ ची फट. कागदावर ते चालतं, सॉलिडला बंद प्रोफाइल, म्हणजे कुठंही न तुटलेली बाह्यरेषा, लागते. डोळ्यांनी शोधत बसू नका. सॉलिडवर्क्समध्ये 'चेक स्केच फॉर फीचर' आहे, फ्रीकॅडमध्ये 'व्हॅलिडेट स्केच'.

आता लेकरांचं. 'आधी थ्रीडी करू द्या' हे तुमचं म्हणणं मला पटलं आणि या महिन्याच्या बॅचपासून मी क्रम बदलला. पहिल्या तासाला एक ठोकळा, त्यात भोक, बस. खेचून उभा केला की चेहरे खुलतात, तुम्ही म्हणता तसंच. मग त्यांनाच सांगतो, लांबी ४० ची ६० करा. कुणाचं भोक मध्यावर राहतं, कुणाचं एका कडेला पडतं. "सर, माझं का सरकलं?" हा प्रश्न आला की मी स्केच उघडतो. 'आपोआप येतं' एवढं मात्र मला पटत नाही. माझ्या अनुभवात प्रश्न आपोआप येतो, उत्तर शिकवावं लागतं.

आणि शब्दांची भीती. आपल्याकडची बहुतेक लेकरं मराठी माध्यमातून दहावी करून आयटीआयला आलेली असतात. टँजंट ऐकून ती गप्प बसतात, पण स्पर्शिका म्हटलं की फळ्यावर येऊन काढून दाखवतात. कॉन्सेंट्रिक म्हणजे एककेंद्री, कोलिनिअर म्हणजे एकरेषीय, पर्पेंडिक्युलर म्हणजे लंब. स्पर्शिका त्रिज्येला लंब असते हे प्रमेय त्यांनी परीक्षेत लिहिलेलं असतं. परभणीकडची एक मुलगी गेल्या बॅचला म्हणाली, "सर, हे तर भूमितीचंच आहे, मग आधी का नाही सांगितलं?" त्या दिवसापासून मी दोन्ही शब्द बरोबरच सांगतो. लेखात फक्त इंग्रजी शब्द होते, ते आज रात्री दुरुस्त करतो.

तुमचा शेवटचा प्रश्न. सॉलिडवर्क्समध्ये आधी अक्षाची रेघ 'सेंटरलाइन' म्हणूनच काढा, साधी रेघ नको. प्रोफाइल तिच्या एकाच बाजूला, अर्धंच काढा. स्मार्ट डायमेन्शन हे माप द्यायचं साधन घेऊन प्रोफाइलची रेघ आणि सेंटरलाइन सिलेक्ट करा, आणि माप ठेवण्याआधी कर्सर सेंटरलाइनच्या पलीकडं न्या. माप दुप्पट होऊन व्यासाचं दिसायला लागेल, तिथं क्लिक करा. मग ड्रॉइंगवर २५ असेल तर २५ च टाकायचे, साडेबारा करायची गरज नाही. प्रोफाइल सेंटरलाइनला टेकलं तरी चालतं, पण ती ओलांडून पलीकडं गेलं की रिव्हॉल्व्ह होत नाही. पोरांची फाइल अडलीच तर आधी तेवढं बघा.