'हे कीर्तन झालं, युक्तिवाद नव्हे' : एका प्रतिक्रियेला उत्तर

वकीलसाहेब,

अमेरिकन वकील ब्रायन स्टीव्हन्सन यांच्या न्यायव्यवस्थेतल्या अन्यायावरच्या २०१२ सालच्या टेड भाषणावर मी लिहिलं, त्याखाली आपली प्रतिक्रिया आली : "हे कीर्तन झालं, युक्तिवाद नव्हे. आजीच्या गोष्टी सांगून टाळ्या मिळतात, न्याय मिळत नाही. लेखकाने कोर्टाची पायरी कधी चढलेली दिसत नाही." पुढे बळींच्या कुटुंबांबद्दल आणि आपल्याकडच्या कच्च्या कैद्यांबद्दलही आपण लिहिलंय. त्याकडे शेवटी येतो.

सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं, हे मी जरा जास्तच कौतुकानं लिहिलं. ते वाक्य नसतं तरी लेखाचं काही अडलं नसतं. एवढं मान्य.

पण पायरीचं म्हणाल तर चढलोय, आणि काळा कोट न घालता चढलोय. भाऊबंदकीच्या मारामारीत माझ्या काकांचं नाव फिर्यादीत घुसडलं गेलं. जामीन मंजूर झाला, पण जामीनदार मिळेना. सातबाऱ्याचा उतारा घेऊन मी पाहुण्यारावळ्यांची दारं हिंडलो. तारखेला पुकारा व्हायचा आणि काका उठून उभे राहायचे. कागदावर ते 'आरोपी क्र. ३' होते. हा माणूस कोण, त्या वेळी कुठे होता, हे विचारायला पहिली काही वर्षं कुणाला सवड नव्हती. आमच्या वकिलांनाही नव्हती, हे आपल्या व्यवसायबंधूंबद्दल आदर राखूनच सांगतो. त्यामुळे ज्याची गोष्ट ऐकून घेतली जात नाही त्याचं काय होतं, हे मला कुणी वक्तृत्वाच्या वर्गात शिकवलेलं नाही.

आता आजी. आपण भाषण पूर्ण ऐकलंत का, अशी शंका येते. स्टीव्हन्सन नऊएक वर्षांचे असताना आजीनं त्यांना बाजूला घेतलं, तू वेगळा आहेस म्हणाली आणि दारू न पिण्याचं वचन घेतलं. पुढे मोठ्या भावानं बिअरचा घोट पुढे केला तेव्हा यांनी आजीचं कारण सांगितलं. भाऊ हसला : आजी हे सगळ्याच नातवंडांना सांगते! इथे सभागृह हसतं आणि लगेच ते सांगतात, मी बावन्न वर्षांचा आहे, थेंबही घेतलेला नाही. ही गंमत उगाच सांगितलेली नाही. माणसाला आपण कोण म्हणून ओळखतो त्यावर तो काय होतो हे ठरतं, हा त्यांचा मुद्दा. आणि तुरुंगातल्या पोराला 'गुन्हेगार' एवढीच ओळख देणं अन्यायाचं, हा त्याचा पुढचा भाग. मुद्दा सोडून नुसतं आख्यान लावणारा कीर्तनकारही फार दिवस टिकत नाही, साहेब.

आकडेही त्याच भाषणात आहेत : १९७२ साली अमेरिकेतल्या तुरुंगांत ३ लाख माणसं होती, भाषणाच्या वेळी २३ लाख. पण नुसत्या आकड्यांचं कोर्टात काय होतं, हे मॅक्लेस्की या फाशीची शिक्षा झालेल्या कृष्णवर्णीय आरोपीच्या खटल्यात दिसलं. जॉर्जियातल्या दोन हजारांहून अधिक खुनांच्या प्रकरणांचा अभ्यास न्यायालयापुढे ठेवला होता. मारला गेलेला गोरा असेल तर फाशीची शक्यता ४.३ पट, असं त्यात निघालं. १९८७ साली अमेरिकी सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की, या आकड्यांनी याच आरोपीवर हेतुपुरस्सर अन्याय झाला हे सिद्ध होत नाही. निकालपत्र लिहिणाऱ्या न्या. पॉवेल यांनी निवृत्तीनंतर, आता ते मत बदललं असतं, अशी कबुली दिली. पण मॅक्लेस्कीला त्याचा काय उपयोग? १९९१ साली त्याला मारून टाकलं.

उलट २० मार्च २०१२ रोजी हेच 'कीर्तनकार' त्याच न्यायालयात मिलर खटल्यात उभे राहिले आणि जूनमध्ये जिंकले. अठराच्या आतल्या मुलाला, न्यायाधीशाला दुसरा पर्यायच न ठेवता, पॅरोलविना जन्मठेप देता येणार नाही. का? तर त्याचं वय, त्याचं घर, त्याची परिस्थिती विचारात घ्यावीच लागेल. म्हणजे त्याची गोष्ट ऐकावी लागेल. आणि अमेरिका कशाला? आपल्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २३५(२), शिक्षेपूर्वी आरोपीचं म्हणणं ऐकण्याचं, ते कशासाठी होतं? १९८०च्या बच्चन सिंग निकालात गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराकडेही बघा, असं आपल्याच सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय. वकिली करणाऱ्याला हे मी सांगायचं?

बळींच्या कुटुंबांचा मुद्दा वेगळा आहे, माझा लेख त्यावर नव्हता. कच्च्या कैद्यांबद्दल आपलं-माझं दुमत दिसत नाही, मग आवाज का चढला ते आपणच जाणे.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. मात्र 'पायरी'चं ते वाक्य माझ्या काकूनंही वाचलंय. तिला काय उत्तर देऊ, तेवढं कळवा.