शोल्टीची ‘रिंग’ दुसऱ्या नंबरावर का? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण आवडली. वाग्नरच्या ‘रिंग’च्या (चार ऑपेरांच्या मालिकेच्या) ध्वनिमुद्रणांवरून मराठीत कुणी भांडायला येतंय, हेच पुष्कळ झालं! तुमचा आक्षेप थोडक्यात असा: माझ्या मुद्रणांच्या यादीत संचालक जोसेफ काइलबेर्टची १९५५ची, बायरॉइटच्या वाग्नर-नाट्यगृहातल्या प्रत्यक्ष प्रयोगांची रिंग मी पहिली ठेवली आणि संचालक गेऑर्ग शोल्टीची, सगळं जग डोक्यावर घेतं ती डेक्का कंपनीची स्टुडिओतली रिंग दुसरी, हा निव्वळ ‘मैफलवाद’ आहे. खोकला नि पावलांची धपधप ऐकू आली की मला सगळं अस्सल वाटायला लागतं म्हणे.

तसं असतं तर कार्ल ब्यॉमची १९६६-६७ची बायरॉइटची रिंगही मी शोल्टीच्या वर चढवली असती. तीही प्रत्यक्ष प्रयोगांचीच, शोल्टीचे गायक बिर्गिट निल्सन आणि वोल्फगांग विंडगासेन तिच्यातही आहेत. पण ब्यॉम मला फार घाईत वाटतो, म्हणून ती खाली आहे.

माझं सगळं अडतं ते देवांचा राजा वोटानपाशी, म्हणजे त्याची भूमिका गाणाऱ्या हान्स होटरपाशी. शोल्टीनं व्हिएन्नाच्या सोफिएनझाल सभागृहात १९५८ साली चारांतल्या पहिल्या ‘राइनगोल्ड’नं मुद्रणाला सुरुवात केली. मग १९६२ला ‘सिगफ्रिड’, १९६४ला ‘गोटरडेमरुंग’, आणि कथेत दुसरी येणारी ‘वाल्क्यूरे’ झाली सगळ्यात शेवटी, १९६५ साली. होटर तेव्हा ५६ वर्षांचा होता. लांब सूर धरला की त्याचा आवाज डगमगतो, आणि ‘वाल्क्यूरे’त वोटानला लांब सूरच फार आहेत. ‘राइनगोल्ड’मध्ये तर वोटान जॉर्ज लंडन गातो. देव एक, गळे दोन.

आता १९५५चा होटर ऐका. ‘वाल्क्यूरे’च्या दुसऱ्या अंकात वोटान मुलीला, ब्रुनहिल्डंला, आजवर कुणाला न सांगितलेलं सांगायला लागतो. खाली मंद्रातली तंतुवाद्यं जेमतेम चालू असतात आणि गाणं जवळजवळ बोलण्यावर येतं. होटर इथे आवाज इतका खाली नेतो की आपण कान टवकारतो, आणि तरी शब्द न् शब्द पोचतो. यात बायरॉइटच्या नाट्यगृहाचाही वाटा आहे. तिथला वाद्यवृंद रंगमंचाखाली उतरत जाणाऱ्या, वरून झाकलेल्या खड्ड्यात बसतो. पितळी वाद्यं तर पार तळाशी. त्यामुळे गायकाला आरडाओरडा करावा लागत नाही. पुढे ‘दास एण्डं’ (‘शेवट’) हे दोन शब्द दोनदा येतात, तेवढी दोन मिनिटं दोन्ही मुद्रणांत लागोपाठ ऐका आणि मग मला शिव्या घाला.

शोल्टीच्या बाजूनं तुम्ही जे मुद्दे मांडलेत त्यांत सगळ्यात भक्कम मुद्दा निर्माता जॉन कलशॉचा, आणि त्यावर माझं भांडण नाही. ‘राइनगोल्ड’मध्ये वाग्नरनं १८ ऐरणी लिहिल्यात, कलशॉनं खरोखर १८ ऐरणी जमवल्या. ‘गोटरडेमरुंग’च्या पहिल्या अंकाच्या शेवटी नायक सिगफ्रिड गुंथर राजाचं रूप घेऊन येतो, तिथे विंडगासेनचा आवाज यंत्रानं जाड केलाय. रंगमंचावर हे जमणं कठीण. ‘गोटरडेमरुंग’ एकटीच निवडायची असती तर मीही शोल्टीचीच निवडली असती. त्यातल्या गोटलोब फ्रिकच्या खलनायक हागनपुढे मला दुसरा सुचत नाही.

‘काइलबेर्टचं मुद्रण एवढं थोर होतं तर कंपनीनं पन्नास वर्षं दाबून का ठेवलं?’ हा तुमचा प्रश्न मात्र गैरलागू आहे. ते स्टिरिओतलं पहिलं संपूर्ण रिंग-मुद्रण होतं, आणि तेही डेक्काच्याच माणसांनी केलेलं. बाजारात आलं ते २००६ साली, टेस्टामेंट या कंपनीनं काढलं तेव्हा. कपाटात पडून राहिलं म्हणून वाईट असायचं, तर निम्मा संगीताचा इतिहास वाईट ठरेल.

संचालक फुर्टवेंगलरला मी ‘उगाच’ वगळलं म्हणता. उगाच नाही. १९५३ची रोमची रिंग विचारानं फार मोठी आहे, पण तो रेडिओचा वाद्यवृंद अवघड जागी उघडा पडतो. ज्यांना ते चालतं त्यांनी जरूर ऐकावी.

आणि मुंबईच्या संचालक झुबिन मेहतांना डावललं, हा टोमणा: त्यांची व्हॅलेन्सियाची रिंग चित्रित आहे, आणि ती पाहायचीच चीज आहे, गायक अधांतरी लटकतात त्यात. माझी यादी फक्त ऐकण्याच्या मुद्रणांची होती. पाहण्याची यादी केली तर तिच्यात मेहता असतील, संचालक बूलेझ आणि दिग्दर्शक शेरो यांच्या चित्रित रिंगच्या बरेच खाली.