क्युबा, केनेडी आणि ‘एक इंचही माघार नाही’वाला मेसेज

माझा भाचा अकरावीत आहे. गेल्या रविवारी त्याने वक्तृत्व स्पर्धेसाठी लिहिलेलं भाषण मला वाचून दाखवलं, आणि दुसऱ्याच परिच्छेदाला मी त्याला थांबवलं. मजकूर असा: ‘ऑक्टोबर १९६२. रशियाने क्युबात अणुबॉम्ब आणून ठेवले. घाबरट सल्लागार म्हणाले, चर्चा करा. केनेडींनी त्यांना बाहेर काढलं, रशियाला चोवीस तासांची मुदत दिली. भर समुद्रात अमेरिकन नौदल आडवं येताच रशियन जहाजं शेपूट घालून परत फिरली. अमेरिका एक इंचही हटली नाही. त्याच आठवड्यात आपले पंतप्रधान पत्रं लिहीत बसले होते.’ कुठून घेतलंस म्हणून विचारलं, तर म्हणाला घरच्या ग्रुपवरून. पाठवणारे आमचे मामा, आणि खाली डझनभर नातेवाइकांचे जोडलेले हात.

हा मेसेज मी याआधीही दोनतीनदा पाहिला होता आणि सोडून दिला होता. आता तो एका सोळा वर्षांच्या मुलाच्या तोंडून व्यासपीठावर जाणार म्हटल्यावर गप्प बसवत नाही.

आधी घाबरट सल्लागारांचं बघू. १६ ऑक्टोबरच्या सकाळी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडी यांनी केनेडींना यू-२ या हेरगिरीच्या विमानाने टिपलेल्या, क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांच्या फोटोंची बातमी दिली. त्या दिवसापासून जो गट बसायला लागला, तोच पुढे ‘एक्सकॉम’ म्हणून ओळखला गेला. संरक्षणमंत्री मॅकनमारा, परराष्ट्रमंत्री रस्क, धाकटे बंधू रॉबर्ट, सेनादलांचे प्रमुख जनरल टेलर, भाषणं लिहिणारे सोरेन्सन, मॉस्कोत राजदूत राहिलेले थॉम्पसन, असे सगळे त्यात होते. पहिल्या दिवशी जवळपास सगळ्यांचा, खुद्द केनेडींचाही, कल हवाई हल्ल्याकडे होता. न सांगता हल्ला करणं म्हणजे आपणच जपानसारखं पर्ल हार्बर करणं, हा मुद्दा लावून धरणारे उपपरराष्ट्रमंत्री जॉर्ज बॉल त्या खोलीत अल्पमतात होते. १९ तारखेला हवाई दलप्रमुख कर्टिस लमे यांनी राष्ट्राध्यक्षांना तोंडावर सुनावलं की क्युबाची नुसती समुद्री नाकेबंदी म्हणजे जवळजवळ म्युनिकसारखीच, १९३८ मध्ये हिटलरपुढे पत्करली तशी शरणागती. मामा, हे तुमचे घाबरट सल्लागार! आणि त्यांचं ऐकलं असतं तर? क्युबात त्या वेळी चाळीस हजारांवर सोव्हिएत सैनिक होते. सीआयएचा अंदाज होता दहा हजारांच्या आसपास. रणांगणावर वापरायची छोटी अण्वस्त्रंही तिथे येऊन पडली होती, हे मॅकनमारांना कळलं १९९२ मध्ये, हवानातल्या परिषदेत. म्हणजे तीस वर्षांनी.

यात अर्धं खरं एवढंच, की केनेडींचा सल्लागारांवर आंधळा विश्वास उरला नव्हता. एप्रिल १९६१ मध्ये सीआयए आणि लष्करावर विसंबून त्यांनी क्युबावरच्या चढाईची ‘बे ऑफ पिग्ज’ मोहीम होऊ दिली आणि तोंडघशी पडले. पण म्हणून त्यांनी कुणाला बाहेर काढलं नाही. उलट तेरा दिवस रोज बसवून घेतलं, आपापसात भांडू दिलं आणि ऐकून घेतलं.

जहाजांची गोष्ट दोन वाक्यांत संपते. २४ तारखेला नाकेबंदी सुरू झाली तेव्हा क्षेपणास्त्रं घेऊन येणारी जहाजं शेकडो मैल लांब होती, आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी त्यांना परतीचा हुकूम आदल्याच दिवशी दिला होता. समोरच्याची पापणी लवली, या अर्थाचं रस्क यांचं वाक्य जगभर गाजलं, पण त्या वेळी समोर कुणी नव्हतंच.

मुदतीचं म्हणाल, तर तेवढं मी मान्य करतो. धाक होता. फ्लोरिडात सैन्य गोळा होत होतं, हल्ल्याची तयारी खरी होती, आणि २७ तारखेच्या संध्याकाळी रॉबर्ट केनेडी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना म्हणाले की उत्तर उद्यापर्यंत हवं. पण त्याच भेटीत ते आणखी काय म्हणाले, ते मेसेजमध्ये नाही. आणि सगळं घोडं तिथेच अडतं.

‘एक इंचही हटले नाहीत.’ हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं.

१९६२ च्या उन्हाळ्यात केनेडींनी बैठकांच्या खोलीत चोरून ध्वनिमुद्रणाची सोय करून घेतली होती. बटण त्यांच्या जागेजवळ, यंत्र तळघरात. टेबलाभोवतीच्या बहुतेकांना त्याचा पत्ता नव्हता. त्या फिती आता सगळ्यांसाठी खुल्या आहेत, शब्दन् शब्द उतरवलेल्या आहेत. २७ ऑक्टोबरचा शनिवार वाचा. त्या सकाळी मॉस्कोची नवी मागणी आली की अमेरिकेने तुर्कस्तानातली आपली ज्युपिटर क्षेपणास्त्रं काढावीत. दिवसभरात मेजर रुडॉल्फ अँडरसन यांचं यू-२ क्युबावर पाडलं गेलं, ते मेले, आणि दुसरं एक यू-२ वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं. अशा तापलेल्या दिवशी खोलीतले जवळपास सगळे म्हणत होते की तुर्कस्तानचा सौदा नको, मित्रदेशांचा विश्वास जाईल. बंडी तर फार जोरात. आणि एकटे केनेडी पुन्हा पुन्हा तिथेच येत होते. कुठल्याही समंजस माणसाला ही देवघेव रास्तच वाटेल, असं ते म्हणतात. तीच क्षेपणास्त्रं सौदा करून काढता आली असती आणि आपण त्यासाठी क्युबावर चढाई केली, असं नोंदीत राहिलं तर त्या युद्धाला काय अर्थ, असं विचारतात. संबंध दिवसात मला सगळ्यात जास्त पटणारा आवाज हा आहे, आणि तो माघारीचा आवाज आहे.

सल्लागारांतला उठून दिसणारा माणूस त्या दिवशी थॉम्पसन. तुर्कस्तानच्या सौद्याला त्यांचाही विरोध होता. पण ते ख्रुश्चेव्ह यांना जवळून ओळखत होते. त्यांनी सांगितलं की ‘मी क्युबा वाचवला, चढाई थांबवली’ असं म्हणायची सोय ख्रुश्चेव्ह यांना हवी आहे, आणि तेवढी मिळाली तर ते मागे येतील. शत्रूला घरी सांगायला काय लागेल, याचा विचार त्या खोलीत फार थोड्यांनी केला.

संध्याकाळी निवडक नऊएक जण राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात बसले. रस्क यांनी तोड काढली: क्युबावर चढाई करणार नाही हे जाहीर सांगायचं, आणि ज्युपिटर काढणार हे रॉबर्ट यांनी दोब्रिनिनच्या कानात सांगायचं, वाच्यता न करण्याच्या अटीवर. तसंच झालं. दुसऱ्या दिवशी मॉस्को रेडिओवरून क्षेपणास्त्रं काढण्याची घोषणा झाली. एप्रिल १९६३ पर्यंत तुर्कस्तानातली पंधराच्या पंधरा ज्युपिटर निघाली होती. एवढंच नाही. ख्रुश्चेव्ह अडून बसले असते तर संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांकडून, ऊ थांट यांच्याकडून, हाच प्रस्ताव जाहीरपणे मांडून घ्यायची तजवीजही केनेडींनी करून ठेवली होती. हे रस्क यांनीच १९८७ मध्ये उघड केलं.

मग ‘एक इंचही नाही’ आलं कुठून? त्या खोलीतूनच. सौदा लपवला गेला तो उपराष्ट्राध्यक्ष जॉन्सन आणि सीआयएप्रमुख मॅकोन यांच्यापासूनसुद्धा. तुर्कस्तानच्या तळांची अदलाबदल आधीच उघडपणे सुचवणारे, संयुक्त राष्ट्रांतले अमेरिकी राजदूत अॅडलाय स्टीव्हन्सन यांच्यावर तर डिसेंबरमध्ये मासिकातून ‘याला म्युनिक हवं होतं’ असा शिक्का मारला गेला. लिहिणाऱ्या दोघांतला एक केनेडींचा जवळचा मित्र. ज्याने सुचवलं तो भित्रा ठरला आणि ज्यांनी केलं ते पोलादी! रॉबर्ट यांच्या टिपणांवरून त्यांच्या मृत्यूनंतर पुस्तक निघालं, त्यातून सौद्याचा स्पष्ट उल्लेख आपणच काढला, हे सोरेन्सन यांनी १९८९ मध्ये मॉस्कोत कबूल केलं. वीस वर्षं जग त्या कापलेल्या पानांवर विसंबून होतं, आणि मामांचा मेसेज अजूनही आहे.

ही लपवाछपवी फुकट गेली नाही. जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा त्यांच्याभोवती तेच मॅकनमारा, तेच बंडी, तेच रस्क होते, आणि क्युबाचा जाहीर धडा हा होता की दाब वाढवत नेला की समोरचा वाकतो. ऑगस्ट १९६४ मध्ये व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातातल्या, अमेरिकन जहाजांवरच्या, प्रत्यक्षात झालाच नव्हता अशा दुसऱ्या हल्ल्याच्या आधारावर सिनेटने ८८ विरुद्ध २ मतांनी त्यांना मोकळं रान दिलं. मार्च १९६५ पासून उत्तर व्हिएतनामवर सलग बॉम्बफेक सुरू झाली, पायरीपायरीने दाब वाढवायचा म्हणून. हनोई वाकलं नाही. विरोधात लांबलचक टिपण लिहिणारे पुन्हा जॉर्ज बॉलच, आणि पुन्हा अल्पमतातच. १९६२ मध्ये हवाई हल्ल्यासाठी भांडलेले माजी परराष्ट्रमंत्री डीन अॅचिसन मार्च १९६८ मध्ये जॉन्सनना सांगत होते की हे युद्ध असं जिंकता येणार नाही. तोवर पाच लाखांवर अमेरिकन सैनिक तिथे होते. अठ्ठावन्न हजार परत आले नाहीत, आणि व्हिएतनामी किती मेले ते लाखांत मोजावं लागतं.

राहिलं आपल्या पंतप्रधानांचं. त्याच आठवड्यात चीनने आपल्यावर हल्ला केला, २० ऑक्टोबरला, हे बरोबर. पण ईशान्य सीमेवर नामका चू नदीकाठी आपले जवान सुती कपड्यांत, पुरेशा दारूगोळ्याशिवाय लढले ते कुणी पत्रं लिहिली म्हणून नव्हे. रस्ते नव्हते, तयारी नव्हती, आणि दिल्लीने जमिनीवरची स्थिती न बघता त्यांना पुढे ढकललं होतं. त्याबद्दल नेहरू आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जाब विचारायचा तर जरूर विचारा. पुढे यशवंतराव चव्हाणांना दिल्लीला का जावं लागलं ते मराठी माणसाला सांगायची गरज नाही. पण त्या जवानांचं मरण केनेडींच्या खोट्या पोलादाशी तोलू नका. आणि केनेडींनीही त्या आठवड्यात काय केलं? ख्रुश्चेव्ह यांना पत्रं लिहिली. एकामागून एक.

भाच्याला मी २७ तारखेच्या बैठकीची पानं छापून दिली आहेत. भाषण शनिवारी आहे, दुसरा परिच्छेद तो नव्याने लिहितोय. मामा, तो मेसेज तुम्ही ज्या ज्या ग्रुपवर टाकलात, त्या प्रत्येक ठिकाणी हेही टाका.