पुन्हा तेच बेअरिंग!

सहा महिन्यांत तिसऱ्यांदा! मशीनने सागवानावर वेलबुट्टी कोरतोय, पण कोरण्याची खोली एकसारखी येईल तर शपथ. मशीन बंद करून, कोरणारं हत्यार वर-खाली करणारा उभा स्क्रू हाताने फिरवला, तर आत वाळू भरल्यासारखी खरखर. त्या स्क्रूचं बेअरिंग (गोळ्यांवर फिरणारं कडं) ६०८ नंबरचं: आतून ८, बाहेरून २२, जाडी ७ मिमी. पत्र्याच्या झाकणाच्या फटीतून बारीक भुसा शिरून ग्रीसचा पार चिखल झालेला. दुकानात दर वेळी घसा फोडून सांगतो, रबरी सीलचं, टू-आरएस द्या. घरी डबी उघडली की पत्र्याच्या झाकणाचं झेडझेडच! वर म्हणतात, ‘एकच आहे हो.’ कसं एक? आणि गेल्या खेपेला तर मिस्त्रीने बाहेरच्या कड्यावर हातोडी मारून ते स्क्रूच्या दांड्यावर ठोकलं. सगळा मार आतल्या गोळ्यांवर! नवंकोरं बेअरिंग पहिल्याच दिवशी खरखरायला लागलं.