पाणी कुठं घालता?

खंबाटकी घाटात माझी १९८६ची बिडाची बुलेट आधी दमली, मग खडखडली आणि एका वळणावर गप्प झाली. सायलेन्सरचा बेंड निळा, इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरच्या नळीतून धूर, मागच्या टायरवर तेल. परवाच सर्व्हिसिंग केलं होतं, पैसे रोख मोजून.

पुढं वऱ्हाडाची एक जीप थांबली. आतल्या कुणाला तरी गाडी लागली होती. त्या बिचाऱ्याला ओकत सोडून फेटेवाले काका माझ्याकडे आले.

"तापली?"

"हो."

"पाणी कुठं घालता हिला?"

"ही वाऱ्यावर गार होते, काका. हिला पाणी नसतं."

"म्हणजे घातलंच नाही! मग तापंल नाही तर काय!"

त्यांनी बाटलीचं बूच उघडलं. मी आडवा पडलो. तापलेल्या बिडावर गार पाणी ओतलं की सिलिंडरला तडा जायची भीती.

"तीस वर्षं काढलीत आम्ही."

"गॅरेज होतं?"

"पाणीपुरवठ्यात होतो."

वाऱ्यावर गार होणारी गाडी घाटात उन्हात चढाला रखडली, की वारा येणार कुठून, हे मला कळतं. पण ह्या जातीचे काका नेमके तिथंच कुठून उगवतात? पंक्चर झालं की एकही दिसत नाही.

तोवर काकांची नजर ब्रीदरच्या नळीवर गेली. "गळती हाय." लग्नपत्रिकेची सुरळी करून ते ती नळीत कोंबू लागले. मी त्यांचा हातच धरला. पिस्टन खाली येतो तेव्हा खालची हवा ढकलली जाते. ३४६ सीसीचं एकच सिलिंडर, प्रत्येक फेऱ्याला तेवढी हवा. ती बाहेर जायला ही नळी. बुजवली तर सील फोडून तेल बाहेर येईल.

काका थबकले. "एअर वॉल्व्ह!"

"तसंच."

"मग हवा यायला पाहिजे. तेल का येतंय? टाकी वरपर्यंत भरलीय तुमची."

तेल मोजायची डिपस्टिक काढली. तेल वरच्या खुणेच्या कितीतरी वर. काकांनी पुसायला रुमालसुद्धा दिला नाही. नुसते हसले आणि जीपमध्ये जाऊन सगळ्यांना सांगू लागले. ओकणाराही खिडकीतून माझ्याकडे बघत होता.

गॅरेजात उरलेलं निघालं: ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या पॉइंटचा गॅप मिटत आलेला. ०.३५ ते ०.४० मिलिमीटर हवा, तिथं पोस्टकार्डही शिरेना. त्यामुळे ठिणगी उशिरा, ताकद कमी, उष्णता सायलेन्सरात.

"कुणी हात लावला होता ह्याला?" मेकॅनिकनं विचारलं.

"तुम्हीच."

"पोरानं केलं असंल." पोराकडे न बघताच तो म्हणाला. जास्तीचं तेल काढून त्यानं डब्यात ठेवलं, स्वतःच्या. बिलात लिहिलं: तेल काढणे, मजुरी वेगळी.