ओळ संपली हे नक्की कुणी ठरवायचं

ज्याने आयुष्यात कधी कोड लिहिला नाही त्याला एंटर दाबलं की नवी ओळ येते एवढंच माहीत असतं, आणि खरं सांगू का, तो सुखी आहे. आपल्याला मात्र कळलेलं असतं की ओळ संपवायला दोन अदृश्य कॅरेक्टर आहेत, १३ नंबरचा सीआर (कॅरेज रिटर्न) आणि १० नंबरचा एलएफ (लाइन फीड), आणि कुठे एक लावायचा, कुठे दोन्ही, यावर अजून कुणाचं एकमत नाही. विंडोजला दोन्ही लागतात, लिनक्सचं एकट्या एलएफवर भागतं, आणि जुन्या मॅकने मॅक ओएस ९ पर्यंत नुसत्या सीआरवर संसार केला, बहुधा आपण वेगळे दिसावं म्हणून.

याचं मूळ टेलिटाइपमध्ये, म्हणजे तारेवरून आलेला मजकूर कागदावर छापणाऱ्या टाइपरायटरमध्ये. १९६३ सालचं मॉडेल ३३ नावाचं ते धूड सेकंदाला १० अक्षरं छापायचं. सीआर आला की छापणारं मुंडकं डाव्या कडेला परत, एलएफ आला की कागद एक ओळ वर. दोन कामं म्हणून दोन हुकूम, शिवाय मुंडकं काय एका अक्षराच्या वेळात परत पोचायचं नाही, मग तेवढीच त्याला उसंत. इथपर्यंत सगळं पटतं हो. पण मशीन गेलं, कागद गेला, मुंडकंही गेलं, आणि आम्ही अजून रोज त्याला डाव्या कडेला पाठवतोय.

आता साधं काम बघा. फॉर्ममध्ये पत्ता घ्यायचा आणि दुसऱ्या पानावर तसाच दाखवायचा, बास. युजर चारदा एंटर मारतो, ब्राउजरमधली जावास्क्रिप्ट प्रत्येक एंटरला एक अक्षर मोजते आणि म्हणते २०० झाली, मर्यादेत आहे, जाऊ दे. फॉर्म सबमिट होताना तोच ब्राउजर गुपचूप प्रत्येक एंटरचे सीआर आणि एलएफ असे दोन करतो, आणि सर्व्हर म्हणतो २०४ झाली, चालते व्हा. दोघंही खरं बोलतायत!

बरं, तिथून सुटून पत्ता डेटाबेसात गेला आणि पानावर आला तर सगळा एका ओळीत, कारण वेबपानाची भाषा असलेल्या एचटीएमएलच्या लेखी एंटर म्हणजे नुसती एक स्पेस. मग बीआर टॅग, म्हणजे ओळ तोडायची खूण, घालायचा. कुणी सीआरला एक बीआर आणि एलएफला एक बीआर असं रिप्लेस मारलं की प्रत्येक ओळीनंतर एक रिकामी ओळ. आणि टॅग घातल्यावर एस्केपिंग (खास चिन्हं साधा मजकूर म्हणून दाखवायची सोय) केलं तर पत्त्यात चक्क बीआर छापून येतो, कंसासकट. जेसनमधून (डेटा पाठवायचा एक मजकुरी साचा) पाठवताना एस्केप दोनदा झालं की बॅकस्लॅश एन, म्हणजे कोडमधली नव्या ओळीची खूण, जसाच्या तसा दिसतो, पीएचपी भाषेत सिंगल कोटमध्ये लिहिला तरी तेच. क्लायंट विचारतो पत्त्यात हा तिरका दांडा कुठला, आता त्याला काय सांगणार.

सगळ्यात छळवादी प्रकार शेल स्क्रिप्टचा, म्हणजे हुकमांच्या फाइलचा. विंडोजवर सेव्ह केलेली फाइल लिनक्सवर चालवली की उत्तर येतं, बॅश (ती स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) सापडत नाही. अरे सापडत नाही काय, समोर बसलाय! पण बॅशचं नाव लिहिलेल्या पहिल्या ओळीच्या शेपटीला सीआर चिकटलेला असतो, त्यामुळे सिस्टिम बॅश शोधतच नसते, शेपटीवाला बॅश शोधत असते. तो सीआर एडिटरमध्ये दिसत नाही, कॅट (फाइल दाखवणारी कमांड) केलं तर दिसत नाही, कॅटला मायनस कॅपिटल ए लावल्यावर कुठे कॅरेट एम (^M) म्हणून तोंड दाखवतो. लॉगमध्ये घुसला तर अजून मजा, टर्मिनलवर तो आपलं जुनं काम इमानेइतबारे करतो, कर्सर ओळीच्या सुरुवातीला नेतो आणि पुढचा मजकूर मागच्यावर छापला जातो, म्हणजे एररचा जो भाग हवा असतो नेमका तोच गायब. त्यात गिटची (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) सेटिंग दोघांची वेगळी असली तर एक शब्द बदलला तरी डिफमध्ये, म्हणजे बदलांच्या यादीत, अख्खी फाइल लाल-हिरवी. आणि विंडोजच्या नोटपॅडला नुसता एलएफ समजायला २०१८ उजाडलं, यावर मी काही बोलत नाही.

उपाय सगळ्यांना माहीत आहे, मजकूर आत आला की सीआर-एलएफच्या जोड्या आधी एलएफ करा, मग सुटे सीआर, आत सगळीकडे एलएफच ठेवा आणि बाहेर जाताना समोरच्याला हवं ते द्या. क्रम उलटा केला तर जोडीचे दोन एलएफ होतात, तेवढं सांभाळा. चालतं हे. एक्सेलची फाइल येईपर्यंत.

कारण एक्सेलमध्ये कुणीतरी हौशी माणूस नाव आणि आडनाव एकाखाली एक सुबक दिसावं म्हणून सेलच्या आत ऑल्ट-एंटर मारतो. सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामाने रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीत, ते डबल कोटमध्ये व्यवस्थित जातं, सीएसव्हीचं स्वरूप सांगणाऱ्या आरएफसी ४१८० मध्ये तशी परवानगीच आहे. आणि आमच्याकडे आडनाव पुढच्या ओळीत ग्राहक क्रमांकाच्या रकान्यात जाऊन बसतं. माणूस बरोबर, एक्सेल बरोबर, फाइल बरोबर, चुकीची फक्त ती दिसेल त्या एंटरला फाइल तोडणारी इम्पोर्ट स्क्रिप्ट, जी नोकरी सोडून गेलेल्या कुणीतरी लिहिलीय आणि जिला हात लावायचा नाही असं मिटिंगमध्ये एकमताने ठरलंय.