शंभरचा प्लॅन आणि स्क्रीनवर बारा: यात चोरी कुठे आहे?

‘फायबरवाले शंभरातले अठ्ठ्याऐंशी खातात’ हा मेसेज सध्या आमच्या तालुक्यातल्या ग्रुपांवर फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: शंभर एमबीचा प्लॅन घेतला तरी डाउनलोडला बाराच एमबी दिसतात, म्हणजे बाकीचे कंपनीने चोरले. गावात येणारी लाइन अडीच हजार एमबीची आहे, ती ३२ घरांत वाटली तरी प्रत्येकाला सेकंदाला ७८ एमबी यायलाच पाहिजेत. फायबरमधून प्रकाश धावतो, मग सिनेमा उतरायला मिनिटं का लागावीत? ट्रायच्या (दूरसंचार कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) नियमाने चोरलेले पैसे परत मिळतात, तोवर बिल भरू नका. आणि शेवटी उपाय: घरातल्या फायबर मोडेमच्या डब्यामागच्या बारीक भोकात टाचणी दाबून धरा, कंपनीने लावलेलं ‘स्पीडचं कुलूप’ निघून जाईल.

आमच्या काकाजींनी टाचणी दाबली. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात त्यांच्या ओट्यालगतच्या खोलीत चुलतभावाचं सेवा केंद्र आहे, आणि घर व केंद्र दोन्ही एकाच जोडणीवर चालतात. पीक विम्याचे अर्ज भरायचे दिवस. बाहेर माणसं सातबारा आणि पासबुकाच्या झेरॉक्स घेऊन बसलेली. डब्यावरचे सगळे दिवे एकदम गेले आणि परत आले. ‘पॉन’चा, म्हणजे फायबरची लाइन जोडल्याचा, हिरवा दिवा स्थिर झाला, पण इंटरनेटचा लागलाच नाही. काकाजी फोनवर म्हणत होते, ‘अरे, मेसेजमध्ये तं लिवलं होतं, पाच मिनिटात स्पीड वाढते म्हणून!’ लाइनमन दारव्ह्याहून येईपर्यंत केंद्र बंद राहिलं आणि लोकांना अर्जासाठी तालुक्याला जावं लागलं. एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी त्यांच्याच खिशातून गेली.

म्हणून टाचणीचंच आधी सांगतो. ते भोक फॅक्टरी रिसेटचं आहे. ते दाबून धरलं की डबा कारखान्यातून निघाला तसा कोरा होतो. तुमच्या जोडणीचं युजरनेम, पासवर्ड, व्हीलॅनचा (कंपनीच्या जाळ्यातल्या तुमच्या मार्गाचा) क्रमांक, वायफायचं नाव, सगळं पुसलं जातं. काही डब्यांत हे कंपनीला दुरून परत भरता येतं, सगळ्यांत नाही. प्लॅनची मर्यादा बसवलेली असते ती कंपनीच्या यंत्रणेत. तुमच्या घरच्या डब्यात असं कोणतंही कुलूप नाही. टाचणीनंतर हिरवा पॉन लागलेला आणि इंटरनेटचा दिवा बंद, याचा अर्थ सहसा तार ठीक आहे, पण तुमची ओळख डब्यातून गेली आहे. तिथे पुन्हा पुन्हा टाचणी मारून काहीही होणार नाही.

आता त्या बाराचा हिशेब. प्लॅनमधले शंभर हे मेगाबिट असतात. डाउनलोड करताना फोन किंवा संगणक जे दाखवतो ते मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट. शंभरला आठने भागा, साडेबारा येतात. तेही पूर्ण दिसत नाहीत, कारण बाजार समितीत पोत्यासकट तोललेल्या सोयाबीनमधून बारदान्याचं वजन वजा होतं, तसंच इथेही होतं. डेटा छोट्या पाकिटांत येतो. इथरनेटच्या (तारेवरून डेटा पाठवायच्या पद्धतीच्या) एका पाकिटात आपला खरा माल साधारण १,४६० बाइट असतो. पत्ता, तपासणीचे आकडे आणि दोन पाकिटांमधली मोकळी जागा धरली की तारेवर १,५३८ बाइटची जागा लागते. म्हणजे शेकडा ९५ माल. साडेबाराचे राहिले ११.८७. मेसेजवाला ज्या ‘बारा’ला चोरीचा पुरावा म्हणतो, तो आकडा दिसत असेल तर तुमचा शंभरचा प्लॅन पुरेपूर मिळतो आहे!

अडीच हजाराचीही तीच गल्लत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००३ पासून जी.९८४ ही मानकांची मालिका काढली, जीपॉन (एकच फायबर अनेक घरांत वाटण्याची पद्धत) तिच्यावर चालतं. त्यात घराकडे येणारा वेग २,४८८.३२ मेगाबिट ठरलेला आहे. दर सेकंदाला डेटाच्या ८,००० चौकटी (ठरावीक मापाचे गठ्ठे), प्रत्येक चौकट ३८,८८० बाइटची. गुणाकार करा, सेकंदाला ३११ मेगाबाइट होतात, अडीच हजार नाहीत. आणि हे ३११ एका घराचे नाहीत, त्या फांदीवरच्या, म्हणजे त्याच फायबरवरून वाटलेल्या, सगळ्या घरांचे मिळून आहेत, चौकटींवरची पत्त्या-खुणांची पट्टीही त्यातच आली. बत्तीस घरांत वाटले तर प्रत्येकी पावणेदहाच्या आत.

इथे मेसेजवाल्याला थोडं मान्य करावं लागतं, मन नसलं तरी. पावणेदहा मेगाबाइट म्हणजे ७८ मेगाबिट. संध्याकाळी बत्तीसही घरांत एकाच वेळी जोरात डाउनलोड सुरू झालं तर शंभरचा प्लॅन शंभर देऊ शकत नाही. ‘अप टू’ हे शब्द जाहिरातीत बारीक छापतात ते यासाठीच. कोटा संपल्यावर वेग पाडतात, तेही दुकानात कोणी नीट सांगत नाही. यावर राग येणं बरोबर आहे. पण तो चुकीच्या आकड्यावर काढला, तर तक्रार पहिल्याच फोनवर निकालात निघते.

प्रकाशाचं थोडक्यात. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. त्याने पहिला बिट लवकर पोचतो, पण सेकंदाला किती बिट येतील ते दोन्ही टोकांची यंत्रं ठरवतात. आणि अठ्ठ्याऐंशी टक्के परताव्याचा ट्रायचा कुठलाही नियम नाही. बिल थकवलंत तर जोडणी तुटेल, एवढंच हाती लागेल.

वेग खरंच कमी वाटत असेल तर वायफाय सोडा, लॅन केबल थेट डब्याला लावा. दुसरं काही चालू नसताना पहाटे एकदा आणि रात्री नऊला एकदा स्पीड टेस्ट घ्या. ती सहसा मेगाबिटमध्येच असते, त्यामुळे आठने भागायचं नाही. पहाटे शंभरच्या जवळ आणि रात्री वीस, तर फांदीवर किंवा पुढच्या लाइनवर गर्दी आहे. दोन्ही वेळा वीस, तर लाइन किंवा डबा तपासायला लावा. स्क्रीनशॉट ठेवा, कंपनीच्या तक्रार केंद्रातून डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्या, आणि दाद लागली नाही तर तोच नंबर देऊन कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा.